रखमाचं गाव

२ फेब्रुवारी १९७५, सोलापूर
प्रकरण चौथं पुण्याहून परत आलं. समासात सरांची तांबडी शाई : "प्रबंध लिहिता आहात की कथा? आकडे कुठे आहेत?" आकडे पाचव्यात आहेत. दुसरा शेरा मात्र रास्त. "केराबाई ओळखू येते. ओळख बदला."
दुष्काळात मंद्रूपकडच्या खडीच्या कामावर तान्ही मुलगी गेलेली बाई ती एकच. तालुक्यात कोणीही बोट ठेवील.

५ फेब्रु.
ओळख बदलली. केराबाईची रखमा झाली. मंद्रूपच्या जागी सांगोला, खडीच्या जागी मेंढरं. मुलगी होती, मुलगा केला. जुलाबांऐवजी ताप. बोलणं मात्र के.चंच ठेवलं, शब्दाला शब्द.
काम नीट झालं. रात्री जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "कॉलेजात शिकवायला ठेवलंय तुला, दुसऱ्यांची दुःखं गोळा करायला नाही." 

१६ फेब्रु., रविवार
मंद्रूप. सांगणाऱ्या बाईला तिचं लिहिलेलं वाचून दाखवायचं, असं पद्धतीच्या प्रकरणात मीच म्हटलं आहे. सरांना ते फाजील वाटतं.
के. पुन्हा गरोदर. सातवा महिना. घरात त्या मुलीचं नाव घेत नाहीत. गेलेल्या लेकराचं नाव काढलं की पोटातलं टिकत नाही, हे सासूचं म्हणणं. दोन वर्षांत नवऱ्यानेही काढलेलं नाही.
सासू बाजाराला गेल्यावर वाचायला घेतलं. प्रबंधाची भाषा सोपी करत, सावकाश. रखमा कळपामागून चालते, पोर पाठीशी, पोराला ताप. मग ते वाक्य : 'सगळी हसत असली की मधीच रडं ऐकू येतं. मी उठते. कुणी इचारलं तर म्हणते, पाणी आणते.'
के. रडायला लागली. मुलाखतींत एकदाही रडली नव्हती. माझ्या टिपणात तेव्हाचा शेरा आहे : 'भाव सपाट.'
पदराने नाक पुसून म्हणाली, "बिचारी. माज्यावानीच हाय की ओ ही. कुटं असती?"
ही तुम्हीच, केराबाई. एवढंच म्हणायचं होतं.
"सांगोल्याकडं," मी म्हणाले.

१७ फेब्रु.
दोन तास झाले. दुसऱ्यात स्मरणावर बोलले. काय बोलले ते...
स्टाफरूममध्ये भूगोलाचे पाटील : "काय मॅडम, खडी फुटली का नाही अजून?" सगळे हसले. मीही.
तिला स्वतःची वाक्यं ओळखता आली नाहीत. की ओळखायची नव्हती. दोन्ही शक्य. तपासायचा मार्ग नाही.

२ मार्च
पुन्हा मंद्रूप. प्रबंधासाठी आता जायचं कारण उरलेलं नाही.
के. दारातच : "भेटली का रखमा?"
"हो." (का म्हणाले?)
"मग तिला इचारायचं हुतं की, दूद कसं आटवलं. मला लई तरास झालता."
याचं उत्तर माझ्याकडे होतं. तिच्याच दुसऱ्या मुलाखतीत. ती खडीच्या ढिगामागे जाऊन मातीत पिळायची. मी म्हणाले, "मेंढरांच्या वाड्यामागं जायची. मातीत पिळायची."
के. म्हणाली, "व्हय. तसंच की." आणि हसली.
आतून सासू : "काय दात काडाय लागलीस गं?"
"काय न्हाय, आत्याबाई. बाई कालिजातली गंमत सांगत्यात."

१६ मार्च
के. विहिरीपर्यंत सोडायला आली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, अगदी हळू : "रखमाला सांगा, माजीचं नाव छबू हुतं."
दोन वर्षांनी. माझ्याजवळ नव्हे, रखमाजवळ.
"तिच्या पोराचं काय?"
मी त्याला नाव दिलेलं नाही. गरज वाटली नव्हती. "विचारते," म्हणाले.

२३ मार्च, पुणे
सरांना सगळं सांगितलं. सर प्रथमच खूश. "उत्तम! ओळख लपवल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? तळटीप द्या." मग चष्मा पुसत, "आता तिकडे जाऊ नका. तुमचं काम संपलं."
परतीच्या गाडीत तळटीप लिहायला घेतली. 'सदर स्त्रीने स्वतःचेच निवेदन ऐकून' इथपर्यंत.

६ एप्रिल
सांगायचं ठरवून गेले. वाक्य एस.टी.त जुळवलं. दोनदा मनात म्हणून पाहिलं. 'केराबाई, रखमा म्हणून कोणी नाही. ते तुमचंच आहे, मी नाव बदललं.' साधं आहे. कोणालाही कळेल.
के.चे पाय सुजलेले. भिंतीला टेकून बसली होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आत, "बाई, मी ठरवलंय. बाळात झाले की लेकरू पयलं रखमाच्या मांडीवर ठिवणार. तिनंच धीर दिला मला. घरात कुणी न्हाय दिला."
मग पुन्हा, "दुसरं झाल्यावर पयल्याचं रडं थांबतं का ओ? तिला इचारा की. थांबावं वाटतं, अन् भ्याव बी वाटतं थांबंल म्हणून."
हे कोणत्याच मुलाखतीत नाही.
चहा झाला. निघाले.

१३ एप्रिल
गेले नाही. प्रबंध टंकलेखकाकडे. रखमाचं पान एकदा काढून घेतलं, परत दिलं. काढलं तर चौथं प्रकरण उभं राहत नाही. ठेवलं तर...

२९ एप्रिल
परीक्षा. पर्यवेक्षण करत असताना शिपाई आला, फाटकाशी कोणी विचारतंय. के.चा नवरा. माझ्याशी आजवर दोन शब्द बोललेला नाही.
"पोरगी झाली. दोगी बी बऱ्या हायत."
बरं वाटलं, असं काहीतरी म्हणाले.
"आता छबूचं नाव काडती घरात. आई वरडती. मी म्हनलो, काडू दे." खाली बघत, "मी बी काडलं परवा."
मग लगेच, कामाचं बोलावं तसं : "सांगोल्याचं कंचं गाव त्ये तेवडं सांगा. सव्वा म्हयना सरला की घिऊन जातो तिला. लई हट्ट धरलाय."
"बघून सांगते, थांबा," म्हणाले.
तास संपला. पेपर मोजून दिले. आता स्टाफरूममध्ये आहे. पाटलांच्या टेबलामागे जिल्ह्याचा नकाशा. त्यावरची सांगोला तालुक्यातली गावं वाचते आहे.
खिडकीतून तो दिसतो. लिंबाखाली बसला आहे, टोपी गुडघ्यावर.