पाळण्यात शेडकार्ड

ती. आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमला तेवढा). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, अडचण माझी आहे. अठरा वर्षं मी रंगाच्या दुकानात डबे ढवळतोय. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा आणला तरी हुबेहूब त्या रंगाची भिंत करून देतो. त्या तोऱ्यात सासूबाईंना सांगून बसलो की बायको गोरी, मी सावळा, दोन्ही सारखे ओतले की बाळ शेडकार्डावरचं बरोबर चौदा नंबर. (त्यांनी चौदाला शोभतील अशी झबलीही शिवली.) मुलगी आली ती आम्हा दोघांहून गडद, चांगली एकवीस नंबर. हिशेब कुठे चुकला ते बघायला मी खिशातलं कार्ड काढून तिच्या गालाला लावलं, आणि नेमकी बायको जागी झाली. एवढंच म्हणाली, "बदलून आणणार आहात का?"

मग नर्सबाईंनी माझी शाळा घेतली. माणसाचा रंग एका डब्यातून येत नाही म्हणे. पुष्कळ जनुकं मिळून तो ठरवतात, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा. प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून, आणि त्यांच्याकडच्या दोनांतली कुठली यावी हे नशिबावर. शिवाय ती आमच्या रंगांसारखी एकमेकांत मिसळून जात नाहीत. दोघांत दडलेली गडद तेवढी एकत्र आली, की लेक दोघांहून गडद. "घरात असा रंग आहे का कुणाचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्याचा. वर तान्ह्या बाळाचा रंग स्थिर व्हायला महिने लागतात, हेही ऐकवलं. ओल्या भिंतीवरून रंग जोखू नये, हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो गं. घरच्या वेळी अक्कल गहाण पडली.

आठ दिवस झाले, बायको मुलीला माझ्या हातात देत नाही. मी लांबून बघतो. फार सुंदर आहे.

तुझा भाचा

ता. क. बायकोची अट आहे: लहानपणी आत्यांना चारचौघांत 'डांबर' म्हणायचात ना, आधी त्यांची माफी मागा, मग लेकीला उचला. (हे तिला मीच कधीतरी हसत सांगितलं होतं.) तर माफ कर, आणि केलंस असं दोन ओळींत लिहून पाठव. तिला पुरावा लागतो.

ता. क. २ तू तेव्हा हसायचीस, म्हणून मला वाटायचं तुला गंमत वाटते. काल शेजारीण आमच्या मुलीला तसंच काही म्हणाली. बायकोही हसली, आणि आत जाऊन रडली. पुराव्याचं राहू दे. तूही आत जायचीस का, तेवढं लिही.