नळामागचा नेचा

दि. १२ जुलै

प्रिय धाकट्यास,

थोरल्याचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, जिभेला मात्र काही झालेलं नाही. तुझा खोकला गेला का? गार पाणी पिऊ नकोस. चार वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा हेही न फोडता ठेवशील अशी धाकधूक आहे. फोडलंस तर शेवटपर्यंत वाच.

बागेतलं काचघर अजून माझ्याकडेच आहे. गेल्या आठवड्यात बाग सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी नळामागची भिंत घासायला सांगितली. तोच तुझा गळका नळ. ब्रश घेऊन वाकलो, तर शेवाळात नखाएवढ्या, बदामाच्या आकाराच्या हिरव्या चकत्या चिकटलेल्या आणि त्यांतून मुठी मिटलेली इवली पानं वर आलेली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आपला मोठा नेचा! तू पाणी द्यायला हयगय केलीस म्हणून मेला असं सगळे म्हणाले आणि तुला कामावरून काढलं, तोच. अख्ख्या बागेत त्याचं दुसरं रोप नव्हतं.

बाईंना हाक मारली. त्या ओल्या फरशीवर बसल्याच. म्हणाल्या, "हा इथे आला कसा? याला बी नसतं. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत भुकटी असते, ती रुजते."

धाकट्या, ते ठिपके मला कीड वाटली होती. कुणाला विचारायची लाज वाटली. रोज ओल्या फडक्याने पुसायचो आणि फडकं त्या नळाखाली पिळायचो. ठिपके हटेनात म्हणून सगळी पानं कापली. नवी आली, तीही कापली. झाड त्याने मेलं. तुला बोल लावत होते तेव्हा मी दाराशी उभा होतो, खाली बघत.

बाईंना तिथेच सांगून टाकलं.

"आणि चार वर्षं गप्प बसलात?"

"बसलो."

त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्यांसमोर सांगाल?"

सांगितलं.

आता ऐक. अकरा रोपं आहेत, अकरा! बाहेरचे जाणकार बघून गेले. त्यांना काचेच्या डब्यात जमलं नाही ते आपल्या भिंतीवर झालं. माझं फडकं आणि तुझा नळ. तू तो वेळेवर दुरुस्त केला असतास तर भिंत वाळली असती. त्यावरून तुला किती बोललो होतो मी! आता त्या नळाला कुणी हात लावून दाखवावा. पाटीवर वाढवणाऱ्याचं नाव काय घालू, असं बाईंनी विचारलं. म्हटलं, दोघे भाऊ. आधी धाकटा.

तुझी चूक नव्हती असं बाईंनी लिहून दिलं आहे, ते सोबत आहे. तुझी जागा रिकामी आहे. मला माफ कर हे तीनदा लिहून खोडलं, फार लहान दिसत होतं. त्या दिवशी तू मागच्या दाराने गेलास. येशील तेव्हा पुढच्या दाराने ये. मी तिथे उभा असेन, वर बघत.

तेव्हा तोंड न उघडलेला,
तुझा दादा