सळईला पाणी

४ मार्च, सोमवार
माळ्याचं काम मिळालं, शिवाय बंगल्यामागची खोली. ताई खूश. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता तिच्या डोक्यावर छप्पर आलं. बागेत गुलाब अकरा, लिंबाचं झाड एक. मालकीणबाईंनी बजावलं, भिंतीजवळ विजेच्या अर्थिंगची तांब्याची सळई पुरली आहे, तिथे रोज दोन बादल्या पाणी घालायचं, खाडा चालणार नाही.

८ मार्च, शुक्रवार
सळईजवळचे तीन गुलाब वाळले. ती बसवणाऱ्या वायरमनला विचारलं. तो हसत म्हणाला, खड्ड्यात मीठ नि कोळसा भरलाय, तिथे गुलाब लावणारा शहाणाच म्हणायचा. तू सळईला पाणी पाज, गुलाबाचं सोड. फुटपट्टीने मोजलं. सळईच्या चारी बाजूंनी दोन फूट गवत मेलं आहे.

१३ मार्च, बुधवार
आता सात फूट. एक गुलाब उकरला. मिठाने मुळं जळायला हवी होती. ही जाड, ओली, आणि सगळी एकाच दिशेला गेलेली. सळईला वेटोळे घालून बसली आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, नसती उठाठेव नको, आधीच्या माळ्यालाही हीच खोड होती.

१६ मार्च, शनिवार
वाळलेली जागा आमच्या उंबऱ्याला टेकली. ताई तिथेच अनवाणी उभी राहून केस विंचरते. तळव्यांना बरं वाटतं म्हणे. तिचे ओठ फुटलेत. खोली सोडू म्हटलं, तर म्हणाली, गवत वाळलं म्हणून घर सोडणारा तू पहिलाच.

१८ मार्च, सोमवार
आज मुद्दाम सळईला पाणी घातलं नाही. दुपारपर्यंत लिंबाची सगळी पानं गळली. ताई चार तांबे पाणी प्यायली, तरी जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. घाबरून दोन बादल्या सळईला ओतल्या. ताईला लगेच तरतरी आली. म्हणजे —

१९ मार्च
पाच बादल्या. पुरत नाहीत.

२० मार्च, सकाळ
ताईचा पाय जमिनीवरून उचलत नाही. टाचेतून पांढरे बारीक तंतू, थेट मातीत, सळईकडे. एक कापला. ती कळवळली. रक्त नाही, पाणी आलं. वायरमन फोन उचलत नाही. मालकीणबाईंनी दार उघडलं नाही.

दुपार
नळाला पाणी नाही. ताईचं मनगट काडीसारखं. मला म्हणते, तू जा, तुझा पाय मोकळा आहे —

सळईने दोघांतून पाणी ओढलं तर तिच्यातलं निम्मंच जाईल.

चपला काढून तिच्याशेजारी उभा आहे. तिचे ओठ ओले होताहेत. माझी बोटं —