निखिलच्या रक्ताची शेवटची नळी

६ जाने.
गाईड मॅडम पुन्हा मागे लागल्या. "रक्तातल्या पेशी फोडायची एक पद्धत ठरव, मग प्रोजेक्ट आठ दिवसांत होतो." पद्धती चार. गोठवून वितळवणं, ध्वनिलहरींचं मशीन, साबणासारखं द्रव, नाहीतर नुसतं डिस्टिल्ड पाणी. बाकीचे नमुने चाचण्यांत संपले. लॅबच्या फ्रीजमध्ये एकच नळी उरली. लेबल माझ्याच अक्षरात: निखिल, २२, सिकलसेल. माझा भाऊ. त्याला जाऊन आज सोळा दिवस.

७ जाने.
गोठवणं सगळ्यांत स्वस्त, प्रथिनंही शाबूत राहतात. नळी काढली, परत ठेवली. थंडी लागली की हाडं ठणकायची त्याची. नमुना द्यायला मीच बोलावलं होतं, सकाळी सातला ये, लॅब रिकामी असते. दवनीवाड्याहून गाडीवर आला, शहाणा, स्वेटर डिक्कीत. म्हणे, "माह्या रक्तात इळेच इळे दिसतील, ताई. धान कापाले घेऊन जाजो." सिकल म्हणजे विळाच; हसलो दोघं. तिसऱ्या दिवशी दुखणं उठलं. पाचव्या दिवशी…
नऊला बोलावलं असतं तर.

९ जाने.
लहरींचं मशीन दुसऱ्या प्रोजेक्टच्या एका नमुन्यावर लावून पाहिलं. बारीक, न थांबणारा आवाज. बंद केलं तरी कानात होताच. दुखलं तरी निखिल कधी ओरडायचा नाही, उशी दाताखाली धरायचा. हे जमणार नाही मला.

११, रविवार. घरी
बोलता बोलता आईला नळीचं सांगून बसले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.
"फ्रीजमंदी काऊन ठेवून राहिली त्याले? त्याले थंडी सोसत नाही, तुले माहीत नाही का?"
मग पुन्हा खडे काढू लागली.

१२ जाने.
साबणाचं द्रव लॅबमध्ये संपलंय. म्हणजे पाणीच. पाण्यात पेशी फुगतात, फुटतात, इतकं सोपं. जन्मभर त्याच्यामागे तांब्या घेऊन फिरलो आम्ही. पाणी पी, निखिल, पाणी पी, दुखणार नाही.

१३ जाने.
मॅडम: "ठरलं?" दुपारी सांगते म्हटलं.
नळी बाहेर काढली. वरचा पिवळा थर लालसर दिसतोय. काही पेशी आपल्या आपण फुटल्यात. अशीच राहू दिली तर उरलेल्याही फुटतील, मी काही न करता, आणि कुणाच्याच कामी येणार नाहीत.
वहीत 'पद्धत' लिहून पुढे जागा सोडली. उजव्या हातानं हे लिहितेय, डाव्या मुठीत नळी. मघाशी गार होती. आता तेवढी नाही.