हजेरी समजून केलेली सही

आण्णा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि गेल्या आठवड्यात आपल्या घराच्या भिंतीवर मोजणीवाले पिवळ्या रंगानं आकडा टाकून गेले. आईनं फोनवर सांगितलं. "पानी नको म्हनले रं. आपल्या दारात आजवर कुनी पानी नको म्हनलं न्हाई." तिला आकड्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. मी इथं तमिळनाडूत पवनचक्कीच्या टॉवरखाली उभा होतो. वाऱ्यात तिचं निम्मं बोलणं उडून गेलं, पण तेवढं ऐकू आलं.

आपलं गाव शहरात घ्यायचं चाललंय. तुमच्या वेळी ही नुसती पारावरची चर्चा होती. आता शहरातली माणसं एकीकडं आणि आसपासची गावं एकीकडं, असं झालंय. आई मेथी-कोथिंबीर घेऊन नगरच्या बाजारात बसते, तिथं एक गाळेवाला तिला म्हणाला, "दवाखाना आमचा, रस्ता आमचा, अन् शहरात या म्हनलं की तुमी खेड्यातले व्हय?" आई म्हणाली, "मग खा की तुझ्या गच्चीवरची मेथी!" सगळे हसले. पुढच्या बाजारी तिच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं होतं आणि कालपर्यंत तिला मावशी म्हणणाऱ्यांनी मान वर केली नाही. गाव आत गेलं की गायरान शहराचं होणार, आणि आपलं घर गायरानात. तुम्ही बांधलं तेव्हा पंचायतीनं तोंडी हो म्हटलं होतं, कागद कुठंय? गायरानाच्या कडेला रोज दुपारी कचऱ्याच्या तीन गाड्या येऊन थांबतात म्हणे. काही उतरवत नाहीत. नुसत्या उभ्या राहतात आणि जातात.

तुम्ही पंचायतीचे शिपाई. ग्रामसभेला माणसं जमली नाहीत की हजेरीचं रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरायचात. जेवणाऱ्यालाही सोडायचा नाहीत. "खा तू, अंगठा डावाच लागतोय," म्हणायचात. शेवटच्या सहीखाली फूटपट्टी धरून आडवी रेघ मारायची, सह्यांच्या वर कोरं राहिलं असेल तर तिथंही मारायची, मगच परत फिरायचं. आठवीतून शाळा सोडून मी घरी बसलो होतो, तेव्हा एकदा म्हणालो, कशाला शाई घालवता. तुम्ही रजिस्टरच डोक्यात हाणलंत. "मोकळ्या जागंत गाव इकत्यात, येड्या." मी हसलो होतो. तुम्ही नाही हसलात.

मागच्या सुट्टीत मी दारात गाडी पुसून निघत होतो, तर नवा शिपाई आला. "भाऊ, हजेरी. कोरम भरंना." एक पाय किकवर ठेवूनच मी सही केली. वर अर्धं पान कोरं होतं. मला दिसलं, आण्णा. दिसलं, आणि मनात म्हटलं, मरू दे, मला कुठं इथं राहायचंय. मला कुठंच फार दिवस राहायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. आता त्या कोऱ्या जागेत ठराव लिहिलाय, आम्ही ग्रामस्थ राजीखुशीनं शहरात यायला तयार आहोत. लोक भांडायला गेले तर सरपंच शांतपणे म्हणाला, "सह्या खोट्या हायेत का? मग झालं तर." खोटी एकही नाही. हीच तर अडचण आहे.

सोमवारी कचेरीत हरकतींची सुनावणी आहे. सह्या करणाऱ्यांनी समोर येऊन सांगितलं, आम्ही हजेरी म्हणून केली, तर ठराव पडेल असं चुलते म्हणतात. "तू ये. शिपायाचं पोरगं बोललं तर सायब ऐकंल." साहेब ऐकेल, पण विचारेलही, वर कोरं होतं ते दिसलं नाही का? आई तिथं मागं उभी असणार. ती रोज ती भिंत सारवते, आकडा सोडून. पुसला तर गुन्हा होतो असं तिला कुणी सांगितलंय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. चुलत्यांना मी कळवलंय की कंपनी रजा देत नाही. कंपनीकडं मी रजा मागितलेलीच नाही.