बुशमास्टरची अंडी

डब्लिन, ओहायो
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भाऊजी मजेत असाल असं धरून चालतो. अक्षराला नावं ठेवू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. कारण पुढे सांगतो.

इथे बर्फ अजून आहे. कंपनीची नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली. तुला कळवलं नाही. बोलणंच कुठे होतं आपलं? आता प्राणिसंग्रहालयात साप सांभाळतो. पाल दिसली की पलंगावर चढणारा तुझा शैलू! हस पोटभर.

माझ्याकडे दक्षिण अमेरिकेतली बुशमास्टर आहे. आपल्या घोणशीच्या लांबच्या नात्यातली, पण नऊ फूट लांब. घोणस पिल्लं देते, ही अंडी घालते आणि अडीच महिने उपाशीपोटी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये तिला खळगा असतो, त्याने ऊब कळते. सध्या ती अंड्यांवरच बसलीय, तरी काचेपाशी गेलो की मान वळवते. मी आलो याची दखल घेणारं बहुतेक दिवस दुसरं कुणी नसतं, ताई.

तिचा पिंजरा दोघांनी मिळूनच उघडायचा, असा नियम आहे. जानेवारीत एका सकाळी माझ्या जोडीच्या अमनचा फोन आला, "काका, रोडवर खूप स्नो आहे, आय विल बी लेट. डोंट ओपन इट, ओके?" मी हो म्हणालो आणि उघडला. पाण्याचं भांडं तर बदलायचं होतं. सगळं एकट्याने उरकायची सवय झालीय. तिने शेपटी पाल्यावर आपटून बजावलंही होतं. चूक माझीच.

वाचलो. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत, एवढंच.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, घरच्या कुणाला कळवायचं? मी तुझा नंबर दिला. त्या संध्याकाळी तुला परदेशी नंबरवरून तीन फोन आले असतील. तू उचलले नाहीस. हल्ली फसवणुकीचे फोन येतात, बरोबरच केलंस.

पण पडल्या पडल्या आईचा शेवटचा आठवडा आठवला. तुझे फोन मी घेतले नव्हते. मीटिंगमध्ये होतो, असं म्हणालो. मीटिंग नव्हती, ताई. फोन हातात होता. तुझं नाव दिसत होतं आणि वाजणं थांबेपर्यंत मी बघत बसलो होतो. तू काय सांगशील याची भीती वाटत होती. तीन वर्षं हे तुला सांगायचं होतं.

अंडी शाबूत आहेत. ती अजून उठलेली नाही.

पत्र पोचेपर्यंत मार्च उजाडेल. दर रविवारी, तुमच्याकडे संध्याकाळी सात वाजता, मी फोन करीन. नंबर पाकिटावर लिहिलाय. उचलावासा नाही वाटला तर उचलू नकोस. वाजणं थांबेपर्यंत मी धरून बसेन.

तुझाच,
शैलू