आधी वाट, मग सही

टेमघर, भिवंडी
२१ नोव्हेंबर १९९३

चि. हिरामण यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शेवंता आणि तुमची कमळ बरी असतील.

टेमघरहून राहनाळला, इतक्या जवळ, सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी मीच! पण समोरासमोर बसलो की तू ओरडतोस, आणि मी तुझ्याहून मोठ्याने ओरडते. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

शेलार गावच्या शाळेत अजून सायकलनेच जाते. लूमवाले मागून घंटी वाजवतात, "ओ मॅडम, साइड दो!" देते कशाला? चाळिशीत हेडबाई झालेय, आता काय गटारात उतरू?

बरं, भाऊबीजेला पाय मुरगळला म्हणून निरोप धाडला होता ना? पाय ठणठणीत आहे. मी आले होते, हिरामण. स्टँडवर सायकल लावली, एसटीने फाट्यावर उतरले. पिशवीत करंज्या होत्या आणि तुझ्या हक्कसोडीच्या कागदावर सही करायला पेन. खरंच करणार होते. आईने सोडलं, आत्याने सोडलं, बहिणींनी जमीन भावाला सोडायचीच असते. मीही कुरकुरले नव्हते.

बांधावरून आपल्या पायवाटेने निघाले, तर समोर भिंत! तू बांधतोयस त्या गोदामाचं कंपाउंड थेट ओढ्यापर्यंत नेलंस. अख्ख्या गावाची वाट गिळलीस की रे! तिथे सुक्या मासळीची पाटी घेऊन ठकुबाई उभी होती. म्हणाली, "बाय, आता वाट न्हाय. सडकेनं वळसा घालाचा. ट्रक अंगाव येतान. नातीला शालंत धाडाला जीव घाबरतं."

माझं डोकंच फिरलं. याच वाटेवर कॅरिअर धरून तू मला सायकल शिकवलीस. लोक हसले, तेव्हा तूच त्यांच्या अंगावर धावून गेलास. हायस्कूलला जायला ही वाट नसती तर सातवीनंतर मी चुलीपुढे बसले असते. तुझी कमळ जीपने जाते. ठकुबाईच्या नातीला जीप कोण देणार?

करंज्या ठकुबाईला देऊन तशीच मागे फिरले. तू अंघोळ करून, पाट मांडून दुपारपर्यंत माझी वाट बघत होतास, हे मागाहून शेवंताकडून कळलं. त्या दिवशी मी खूप रडले. तुझा राग होताच, पण माया काय कुठे जाते?

आता नीट ऐक. तुझं गोदाम होऊ दे, चांगलं टोलेजंग होऊ दे. फक्त भिंत मागे घे आणि सायकल हातात धरून माणूस जाईल एवढी वाट सोड. सोडलीस की त्याच वाटेने येईन, तुला ओवाळीन आणि तिथल्या तिथे सही करीन. नाही सोडलीस, तर तलाठ्याला विचारून आलेय, माझ्या सहीशिवाय तुझं पुढे काही हलत नाही. आदळआपट कर हवी तेवढी, आपल्या घराण्याचाच गुण आहे तो.

शेवंताला आशीर्वाद, कमळला पापा.

सातबाऱ्यावर अजून तुझ्या नावाशेजारी असलेली,
आक्का